उणे अठरा

माझ्या ड्रायव्हरची सुपारी बोरिवलीहून आली. सकाळी सव्वानऊ वाजता मी पोह्यांना फोडणी घालत होते, तेवढ्यात फोनवर मेल वाजली. विषय होता, 'थंडी' ड्रायव्हर काढून टाकणे. खाली एका ओळीत कारण दिलेलं: वापरणारं कुणी उरलेलं दिसत नाही. त्याच्या खाली, वाढलेल्या ओळी शून्य, कमी झालेल्या ओळी आठशे बारा. पाठवणारीचं नाव प्रांजल सावे. माझे पोहे करपले.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, आणि एकदाच सांगते. कर्नल म्हणजे संगणकाचा सगळ्यात आतला भाग. पडद्यावरची चित्रंबित्रं सगळी वरवरची. कुठल्या यंत्राला केव्हा काय सांगायचं आणि कुणाचं कधी ऐकायचं, हे आत बसून कर्नल बघतं. आमचं कर्नल कुठल्याही कंपनीच्या मालकीचं नाही. जगभरातले काही हजार लोक ते थोडं थोडं करून लिहितात आणि कुणीही ते उघडून वाचू शकतं. ड्रायव्हर म्हणजे त्यातला एखाद्या विशिष्ट यंत्राची भाषा जाणणारा तुकडा. शीतगृहातलं तापमान मोजणारं एक कार्ड आम्ही बनवायचो, त्या कार्डाचा ड्रायव्हर म्हणजे 'थंडी'. तो मी लिहिला.

या कारभारात मोठी उडी कुणी मारायची नसते. बदल करायचा तो चिमूटभर. त्याला पॅच म्हणतात. एका पॅचमध्ये एकच गोष्ट, आणि प्रत्येक पॅचनंतर कर्नल धड चालत असलं पाहिजे. पॅच मेलच्या यादीवर पाठवायचा, म्हणजे तो सगळ्यांना जातो, मग चारजण त्याची चिरफाड करतात, मग सुधारून पुन्हा पाठवायचा. माझा ड्रायव्हर २००८ साली अकराव्या खेपेला आत गेला. त्याआधी दहा वेळा भर यादीवर माझी शोभा झाली होती, आणि मी दहाही वेळा तोंड बंद ठेवून दुरुस्ती केली होती. तोंड बंद ठेवणं मला किती जड जातं हे मुलुंडमध्ये कुणालाही विचारा.

आणखी एक रीत आहे. जे कुणी वापरत नाही ते काढून टाकायचं, कारण उगाच सांभाळत बसायला कुणाला वेळ नाही. मात्र काढण्याआधी यादीवर विचारायचं, आणि एकाने जरी 'मी वापरतो' म्हटलं तरी थांबायचं.

मी बासष्ट वर्षांची आहे. कांजूरमार्गच्या ज्या कंपनीत बावीस वर्षं काढली, ती बंद पडून दहा वर्षं झाली. तिच्या जागी आता टॉवर उभा आहे. तिथे मी जे जे केलं त्यातलं एवढंच उरलंय: आठशे बारा ओळी आणि वर माझं नाव, इरावती खांबेटे. ते जाऊ नये असं मला वाटत होतं. यात तत्त्वबित्त्व काही नव्हतं.

मी उत्तर दिलं, 'ड्रायव्हर उत्तम चालतो. माझ्या टेबलावर कार्ड आहे, दर नव्या आवृत्तीला मी स्वतः तपासते. कुणी हात लावू नये.'

आमच्या विभागाचा प्रमुख नॉर्वेत असतो. कोणता पॅच आत घ्यायचा आणि कोणता नाही, हे तो ठरवतो. इतक्या वर्षांत त्याने मला पाच-सहा पूर्ण वाक्यं लिहिली असतील. त्यातली दोन त्या दिवशी आली. 'टेबल म्हणजे वापरणारा नव्हे. आजच्या कर्नलवर एक खरा वापर दाखवा, तीन आठवड्यांत.'

दाखवते, म्हटलं. त्यात काय!

कंपनीची सर्व्हिसची जुनी वही माझ्याकडेच होती. दोनशे चौदा कार्डं विकली होती आम्ही. मी फोन लावत सुटले. कुणी धंदा बंद केला होता, कुणी नवीन मशीन घेतलं होतं, एकाने माझी चौकशी ऐकून घेतली आणि शेवटी मलाच विम्याची पॉलिसी विकायला निघाला. पाचव्या दिवशी आमचा जुना सर्व्हिसवाला रतन सापडला. तो म्हणाला, "मॅडम, मालाडला मढच्या रस्त्यावर कोळीवाडा आहे ना, तिकडे मच्छी विकणाऱ्या बायकांची संस्था आहे. त्यांच्या शीतगृहात आपलं कार्ड अजून लागलेलं आहे. मागच्या दिवाळीत मी डोळ्यांनी बघितलंय."

त्याच संध्याकाळी त्या प्रांजलची मेल आली, यादीवर नव्हे, माझ्या एकटीच्या नावावर, मराठीत. 'मॅडम, सॉरी. तुम्ही अजून आहात हे मला माहीत नव्हतं.'

'मी आहे,' मी लिहिलं.

'तसं नाही हो! ड्रायव्हर सांभाळायला आहात, असं म्हणायचं होतं. खरा वापर असेल तर मी पॅच मागे घेईन. पण मला तो बघायचाय.'

'ये मग शनिवारी. आणि मॅडम नको, काकू म्हण.'

मालाड स्टेशनबाहेर ती रिक्षा थांबवून उभी होती. पंचवीस-सव्वीस वर्षांची, अंधेरीच्या एका ऑफिसात नोकरी करणारी, पाठीवर जाडजूड सॅक. रिक्षात बसल्या बसल्या मी तिला विचारलं, लोकांचे ड्रायव्हर उडवायचा हा काय छंद. ती म्हणाली, "काकू, तीस लाख ओळी तरी मेलेल्या पडल्यात यार. कुणीतरी झाडू मारायला पाहिजे ना?" मुलगी खोटं बोलत नव्हती आणि मला भीतही नव्हती. मला ती आवडली, पण तसं दाखवायचं काही कारण नव्हतं.

शीतगृह म्हणजे मासळी बाजाराच्या मागची एक बसकी खोली, तिला स्टीलचं जाड दार. दाराशेजारी भिंतीवर आमचं कार्ड आणि त्याला वायरने जोडलेला डबा, म्हणजे एक छोटा संगणकच, त्यावर लाल आकडे: उणे १८.०. ते बघून मी त्या डब्यावरून हात फिरवला, खरंच सांगते. संस्थेचं शीतगृह सांभाळणाऱ्या मंजुळाताई कमरेच्या किल्ल्या वाजवत बाहेर आल्या. पन्नाशी उलटलेली बाई, बोलणं मोजकं.

"ह्यो जुना डबा," त्या म्हणाल्या. "चालतो, पन मदीच झोपतो. बंद करून चालू केला का उठतो. आत आमची सुरमय, पापलेट, कोलंबी हाय. डबा झोपला तर सगला माल खराब."

"नवीन नाही घेतला?" प्रांजलने विचारलं.

"घेतला ना. दोन वरसं झाली, कार्ड तेच, डबा तेवडा नवा. खोक्यात हाय. तो खोटा बोलतो."

मी तिकडे लक्षच दिलं नाही. दुकानदाराने वायर उलटी जोडली असेल, असं धरून चालले. मी माझ्या पिशवीतून माझा छोटा डबा काढला. त्यात त्याच आठवड्याचं ताजं कर्नल घालून आणलं होतं. मंजुळाताईंच्या परवानगीने जुन्या डब्यातून कार्डाची वायर काढली आणि माझ्या डब्याला लावली. प्रांजलला म्हटलं, फोटो काढायला तयार रहा.

आकडा उमटला: ६५३५.६.

दुसऱ्या क्षणी भोंगा सुरू झाला. साडेसहा हजार अंशांवर पापलेट ठेवलंय असं त्या डब्याला वाटत होतं आणि तो जीव तोडून ओरडत होता. समोर जाळी विणणाऱ्यांनी वळून बघितलं. मंजुळाताईंनी शांतपणे भोंग्याचं बटण बंद केलं आणि वायर पुन्हा जुन्या डब्यात लावली.

"आसाच!" त्या म्हणाल्या. "नवा पन आसाच बोलतो. पासष्ट का कायतरी. हाच आकडा."

त्यांनी आतून एक पिवळी पावती आणून दाखवली. मार्च २०२३, मालाडमधलं दुकान. तक्रार लिहिली होती, 'तापमान चुकीचे दाखवते, साडेसहा हजार.' खाली दुकानदाराचा शेरा, 'खाऱ्या हवेत ठेवल्याने बिघाड. वापरणाऱ्याची चूक.' प्रांजलने पावतीचा फोटो काढला. मी मात्र डब्याच्या वायरी तपासत होते. त्या ठीक होत्या.

परतताना रिक्षात मी निकाल देऊन टाकला. "हे मधल्या काळात कुणीतरी बिघडवलंय. तुझ्यासारखीच कुणीतरी झाडू मारणारी पोरं. ड्रायव्हरला काय धाड भरलीय? उन्हाळ्यात मी स्वतः तपासलाय."

"शोधूया ना मग," प्रांजल म्हणाली. "उद्या येऊ तुमच्याकडे?"

चूक शोधायची आमची पद्धत फार साधी आहे. जुन्या डब्यातलं २०१४ सालचं कर्नल बरोबर चालतं, आजचं चालत नाही. या दरम्यान माझ्या ड्रायव्हरमध्ये चाळीसेक बारीक बदल झाले होते. मग बरोबर मधल्या बदलापर्यंतचं कर्नल घ्यायचं आणि चालवून बघायचं. चाललं तर चूक पुढच्या अर्ध्यात, नाही चाललं तर मागच्या अर्ध्यात. मग त्या अर्ध्याचा पुन्हा मध्य काढायचा. पाच-सहा खेपांत एकच बदल हाती उरतो. प्रत्येक पॅचनंतर कर्नल चालतं राहिलंच पाहिजे हा आमचा हट्ट एवढ्यासाठीच असतो.

रविवारी दुपारी प्रांजल मुलुंडला आली. टेबलावरच्या माझ्या कार्डाला आजचं कर्नल लावलं. आकडा आला ३१.४. खिडकीबाहेर ऊन होतं आणि आकडा अगदी बरोबर होता. मी तिच्याकडे असं बघितलं की तिने काहीतरी बोलावंच. ती उठली आणि माझा फ्रिज उघडून उभी राहिली.

"काकू, सेन्सरची वायर किती लांब आहे?"

"दीड मीटर. का?"

"फ्रीझरमध्ये घालून बघूया?"

मटारची पिशवी आणि खवलेल्या नारळाचा डबा बाजूला सारून तिने सेन्सर आत ठेवला, वायर दाराच्या रबरातून बाहेर काढली आणि दार दाबून धरलं. आकडा उतरू लागला. वीस, अकरा, चार, एक. शून्य. आणि मग एकदम ६५५३.५.

शून्याच्या वर सगळं बरोबर. शून्याच्या खाली गेलं की उणे चिन्ह गळतं आणि भलताच आकडा येतो. मी टेबलावर दर आवृत्तीला तपासत होते हे खरं होतं. पण माझं टेबल मुलुंडला आहे, आणि मुलुंडला शून्याच्या खाली काय जातं? शीतगृहाचा ड्रायव्हर मी वर्षानुवर्षं पंख्याखाली बसून तपासत होते. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मला कानकोंडं झालं, तरी अजून मी म्हणत होते की बिघडवलंय दुसऱ्याच कुणीतरी.

मग आम्ही अर्ध्यावर तोडत गेलो. एकेक कर्नल तयार व्हायला वीस-पंचवीस मिनिटं लागायची. पहिली खेप, बिघडलेलं. दुसरी, ठीक. तिसरी, ठीक. चौथी, बिघडलेलं. मध्ये चहा झाला, थालीपीठं झाली. प्रांजलने फ्रिजच्या दाराला पाठ लावून बैठक मारली होती आणि मांडीवर लॅपटॉप घेतला होता. सहाव्या खेपेनंतर तिने पडद्यावरची एक नोंद पुन्हा वर जाऊन वाचली.

"सापडलं?" मी विचारलं.

"हो."

"कुणाचं आहे?"

तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. सप्टेंबर २०२२. 'थंडी: किरकोळ साफसफाई.' तीन ओळींचा बदल. मूळ ओळीत आकडा उणेही असू शकतो अशी सोय होती. ती ओळ लांबलचक आणि कुरूप दिसते म्हणून कुणीतरी सुटसुटीत केली होती, आणि ती करताना सोय गेली होती. बदल करणारीचं नाव इरावती खांबेटे. तपासणारीचं नाव, इरावती खांबेटे.

मला माझाच इतका राग आला की मी उठून भांडी घासायला लागले. स्वच्छ भांडी.

प्रांजल ओट्यापाशी आली. "काकू, एक बोलू? रागावू नका. दुरुस्ती एका ओळीची आहे, मी करून बघितली, आता उणे बारा नीट येतंय. पण ती तशी पाठवली तर नियमाप्रमाणे त्यात लिहावं लागेल, कुठल्या बदलामुळे बिघडलं. तो बदल तुमचा. आणि तीन वर्षं ड्रायव्हर मोडलेला होता आणि कुणाला कळलंही नाही, हे यादीवर आलं तर माझा पॅच पास झालाच समजा. याहून मोठा पुरावा मी तरी आणला नसता."

"मग?"

"मग गुपचूप. दहा-वीस ओळींची अजून एक साफसफाई करा, त्यात ही ओळ पण सरळ करून टाका. कोण विचारतंय? मग मंजुळाताईंच्या शीतगृहातला उणे अठराचा फोटो पाठवा, ड्रायव्हर वाचेल. मी तोंड उघडणार नाही. प्रॉमिस."

सुपारी घेऊन आलेली मुलगीच मला वाचवायला निघाली होती. आणि मी, एका पॅचमध्ये एकच गोष्ट हे गेली सतरा वर्षं लोकांना खडसावून सांगणारी बाई, तिचं ऐकलं. ती गेल्यावर मी वीस ओळींचा पॅच लिहिला. छान जमला. नाव दिलं 'साफसफाई, भाग दोन'. पाठवला मात्र नाही. आधी मंजुळाताईंना फोन करावा असं मनात आलं. त्यांचा नवा डबा आता चालणार होता आणि ते श्रेय घ्यायची मला घाई झाली होती, दुसरं काही नाही.

"मंजुळाताई, तुमचा डबा ठीक आहे," मी सांगितलं. "खोटा बोलत नव्हता बिचारा. कर्नलमध्ये एक चिन्ह गळालं होतं. मी येऊन बसवून देते."

"चिन्न गललं? म्हंजे डब्यात बिघाड नव्हता?"

"अजिबात नाही."

"खारी हवा?"

"छे हो. हवेचा काय संबंध!"

पलीकडे किल्ल्या वाजल्या. मग त्या म्हणाल्या, "मंग कोनी गालला?"

मला उत्तर ठाऊक होतं. "मी," मी म्हटलं. "माझ्या हातून झालं."

"मंग आसा करा, बाय," मंजुळाताई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "ते कागदावर लिवून द्या. दुकानदार बोलला वापरणाऱ्याची चूक. इथं वापरणारी मीच. संस्थेत सगल्या बोलल्या, मंजुलाने डबा ओल्या हाताने धरला, मंजुलाने पान्यात ठेवला. सेक्रेटरी रोशनी तर भर मीटिंगमदी बोलली, मंजुलाकडून किल्ल्या काढून घ्या. दोन वरसं मी ऐकून घेतेय. मना पन वाटला, झाला आसल माज्या हातून. मी काय शिकलेली हाय?"

मी फोन ठेवला आणि लिहून ठेवलेला पॅच पुन्हा उघडला. कुणाला कळलंही नाही, असं प्रांजल म्हणाली होती आणि मीही ते मानलं होतं. पहिल्याच दिवशी आकडा बघून एका बाईला कळलं होतं. तिने तक्रार लिहून दिली होती, तारखेनिशी. ती आमच्या यादीपर्यंत पोचली नाही, आणि मधल्या मध्ये माझी चूक तिच्या नावावर चढली. मला लाज वाटली. अशी लाज मला बऱ्याच वर्षांत वाटली नव्हती.

'साफसफाई, भाग दोन' मी पुसून टाकला. नवा पॅच लिहिला, एका ओळीचा. शीर्षक, 'थंडी: शून्याखालचं तापमान बरोबर दाखवणे.' खाली नियमाप्रमाणे तीन नोंदी. कशामुळे बिघडलं: सप्टेंबर २०२२चा बदल, इरावती खांबेटे. कुणी लक्षात आणून दिलं: मंजुळा हरिश्चंद्र कोळी, मालाड, मार्च २०२३. कुणी तपासलं: प्रांजल सावे, उणे बारा अंशांवर. दुसऱ्याचं नाव विचारल्याशिवाय घालायचं नसतं, म्हणून दोघींना फोन करून परवानगी घेतली. मंजुळाताई म्हणाल्या, घाला, नवऱ्याचं नाव पन घाला. प्रांजल म्हणाली, "काकू, तुम्ही वेड्या आहात का? ड्रायव्हर गेला ना!"

"गेला तर गेला," मी म्हटलं आणि पाठवून दिला. मनापासून म्हटलं का? नाही. लगेच यादी उघडून उत्तरं बघत बसले.

यादीवर व्हायचं तेच झालं. तीन तासांत पाचजणांनी लिहिलं की तीन वर्षं मोडलेला ड्रायव्हर म्हणजे मेलेला ड्रायव्हर, काढून टाका. एकाने तर 'लेखिकेच्या प्रामाणिकपणाबद्दल आभार' मानून मग काढून टाका असं लिहिलं. ते मला सगळ्यात जास्त झोंबलं. मी उत्तर दिलं नाही. माझ्याकडे सांगण्यासारखं होतं ते पॅचमध्ये सांगून झालं होतं.

उत्तर प्रांजलने दिलं. तिने त्या पिवळ्या पावतीचा फोटो जोडला, मराठी ओळींचा इंग्रजी अर्थ लावून दिला आणि खाली लिहिलं, 'हा ड्रायव्हर काढायचा पॅच माझा आहे, म्हणून मीच सांगते. चूक तीन वर्षं कुणाच्या लक्षात आली नाही हे खरं नाही. पावतीची तारीख बघा. वापरणारीने सांगितलं होतं, ऐकायला आपण तिथे नव्हतो. माझं कारण चुकीचं होतं. पॅच मागे घेते.'

नॉर्वेहून दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. 'दुरुस्ती घेतली. वापरणारी आहे, ड्रायव्हर राहील. यापुढे शून्याखाली तपासल्याशिवाय काही घेणार नाही. फ्रीझर नसेल तर कार्ड मला पाठवा, इथे जानेवारीत खिडकीबाहेर टांगतो.' चार वाक्यं! मी ती दोनदा वाचली आणि मग एकटीच स्वयंपाकघरात जोरजोरात हसले.

पुढच्या शनिवारी मी मालाडला गेले, दुरुस्त केलेलं कर्नल घेऊन. मंजुळाताईंनी नवा डबा खोक्यातून काढून पदराने पुसला. मी त्यात ते कर्नल घातलं, तो भिंतीवर बसवला, वायर लावली. उणे १८.०. भोंगा गप्प. जुना डबा उतरवून मी माझ्या पिशवीत टाकला.

मला वाटलं होतं काम झालं. पण मंजुळाताईंनी संस्थेच्या बायकांना बोलावून ठेवलं होतं. बाजार आटोपून दहा-बाराजणी आल्या, रिकाम्या टोपल्या उपड्या करून त्यांवर बसल्या. कागद आणायला मी विसरले नव्हते. पॅचचं मराठी करून, छापून, खाली सही करून आणला होता. तो मी मंजुळाताईंच्या हातात द्यायला गेले तर त्यांनी हात मागे घेतला.

"तुमी वाचा," त्या म्हणाल्या. "तुमचा हाय."

उभी राहून मी वाचलं. "शून्याच्या खालचं तापमान दाखवताना उणे चिन्ह गळत होतं. ही चूक इरावती खांबेटे, मुलुंड, यांनी केलेल्या बदलामुळे झाली. डब्यात दोष नव्हता. वापरणाऱ्या व्यक्तीची काही चूक नव्हती. ही चूक प्रथम लक्षात आणून देणाऱ्या, मंजुळा हरिश्चंद्र कोळी, मालाड."

अकरा वेळा पॅच नाकारला गेला असता तरी इतकं अवघड वाटलं नसतं. बायका माझ्याकडे बघत होत्या. मग त्या मंजुळाताईंकडे बघायला लागल्या. पुढे बसलेली एक म्हातारी म्हणाली, "म्हंजे मंजुला खरा बोलत व्हती." मंजुळाताई भिंतीला टेकून उभ्या होत्या, किल्ल्या मुठीत घट्ट धरून, आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

मी कागदाची घडी घालू लागले. तेवढ्यात बाजाराच्या बाजूने एक तरुण बाई लगबगीने आली आणि मागच्या टोपलीवर बसली. मंजुळाताईंनी डोळे पुसले.

"घडी नका घालू, बाय," त्या म्हणाल्या. "पयल्यापासून वाचा. रोशनी आता आली."

मी चष्मा सारखा केला आणि पहिल्यापासून वाचलं, या खेपेला मोठ्याने.